शिकारीची सोय होणार नाही

गेल्या गणपतीत आरती संपली, मोदक वाटून झाले आणि आमच्या नेरुळच्या सोसायटीतले एक सभासद मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, तुमच्या माणगावकडे रानडुकरं फार झालीयेत म्हणे. एखाद्या शनिवारी आमची सोय करा ना. चौघंच येऊ. रायफल माझी, गाडी माझी. तुमच्या शेताचंही भलं होईल."

त्यांच्याकडे .315 ची रायफल आहे. परवाना स्वसंरक्षणाचा. चौदाव्या मजल्यावर, खाली दोन वॉचमन, जिन्यात कॅमेरे, दाराला लोखंडी जाळी असताना त्यांच्यावर कोण चाल करून येणार आहे देव जाणे. पण एवढी महागाची वस्तू कपाटात नुसती तेल खात पडलेली माणसाला बघवत नाही. तिला काहीतरी काम हवं असतं. बायकोसमोर ती काढता येत नाही, कबुतरांवर चालवता येत नाही. मग आमचं माणगाव आठवतं.

मी नाही म्हटलं. कारणं मांडवात उभं राहून सांगण्यासारखी नव्हती, ती इथे सांगतो.

आधी एक गोष्ट लख्ख सांगून टाकतो, म्हणजे उगाच कोणी मला प्राणिमित्रांच्या पंगतीत बसवायला नको. मला रानडुकराचा कणभर कळवळा नाही. माझा धाकटा भाऊ अजून शेती करतो. भाताचा दाणा दुधात आला की त्याची झोप जाते. मागच्या हंगामात त्याने मला सकाळी सहा वाजता उठवून खाचरात नेलं. रात्रीतून कोणी जेसीबी फिरवून गेल्यासारखं दिसत होतं. बांधाला हातभर भगदाड, त्यातून पाणी खालच्या वाफ्यात गेलेलं. लोंब्या ओरपलेल्या, उरलेलं भात चिखलात लोळून आडवं केलेलं. चिखलात खुरांचे ठसे, मोठ्यांच्या ठशांमागे दोन-दोन टिंबं उमटलेली, आणि त्यांच्या मधूनमधून पिल्लांचे बारके ठसे. म्हणजे माय पोरांना जेवायला घेऊन आली होती. डुक्कर पायलीभर खातं आणि खंडीभर नासतं. खाल्लं त्याचं दुःख नसतं, लोळलं त्याचं असतं. वहिनीच्या जुन्या साड्या बांबूंना बांधून शेताला कुंपण केलेलं होतं. एक हिरवी साडी ओढली जाऊन बांधावर पडली होती. तालुक्याच्या न्हाव्याकडून पोतंभर केस आणून बांधावर टाकून झाले होते. फटाके झाले, पत्र्याचे डबे झाले, माळ्यावर रात्र-रात्र राखण झाली. भाऊ काही बोलला नाही. खाली वाकून भगदाडाला चिखल लिंपायला लागला.

तेव्हा डुक्कर मारलं पाहिजे की नाही या प्रश्नावर माझं उत्तर सरळ आहे: मारलं पाहिजे. आणि मारायला कायद्याचीही आडकाठी नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 11 असं सांगतं की, एखादा वन्यप्राणी उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल तर अधिकारप्राप्त अधिकारी लेखी हुकूम देऊन अशा प्राण्याची शिकार करू देऊ शकतो. 2022 च्या दुरुस्तीने परिशिष्टं नव्याने लावली, रानडुक्कर आता दुसऱ्या परिशिष्टात आहे, पण ही वाट उघडीच आहे. महाराष्ट्र सरकारने तर 2015 मध्ये रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या बाबतीत हा अधिकार थेट वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणला. म्हणजे 'डुक्कर मारायला बंदी आहे हो' असं जे आपण एकमेकांना ठासून सांगत असतो, ते खरं नाही. खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. परवानगीचा कागद मिळू शकतो. कागदाने डुक्कर मरत नाही.

मारणार कोण? माझ्या भावाकडे बंदूक नाही. त्याच्या गावात पीकसंरक्षणाच्या परवान्याच्या दोन बंदुका आहेत. एक ठासणीची, तिचे मालक सत्तरी ओलांडलेले, त्यांना संध्याकाळनंतर समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. दुसरी सिंगल बॅरल. तिचे मालक वारले, वारस कल्याणला, आणि बंदूक ठाण्यात जमा. बरं, ठासणीची तरी कामाला यावी, तर तिची लोकशाहीशी गाठ पडते. आपल्या विधानसभेच्या मतदानाच्या तारखा बघा: 2004 मध्ये 13 ऑक्टोबर, 2009 मध्येही 13 ऑक्टोबर, 2014 मध्ये 15 ऑक्टोबर, 2019 मध्ये 21 ऑक्टोबर, 2024 मध्ये 20 नोव्हेंबर. कोकणात भात पिकून कापणीला येतं तो हाच काळ. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो, शस्त्रं जमा करा. सरसकट सगळ्यांची जमा करू नयेत, छाननी करून ठरवावं, असं उच्च न्यायालयाने सांगून वर्षं झाली. निरोप तरीही येतो आणि म्हातारा तरीही बंदूक खांद्याला लावून एसटीने ठाण्यात जातो. ज्या महिन्यासाठी त्याला परवाना दिला, नेमक्या त्या महिन्यात बंदूक सरकारच्या कपाटात. डुकरांना आचारसंहिता लागू नाही.

मग डुकरं मरत नाहीत का? मरतात की. रोज मरतात. फक्त गोळीने मरत नाहीत.

फासकीने मरतात. गाडीच्या क्लचची तार किंवा असलीच कुठली पोलादी तार, तिचा सरकता फास, डुकराच्या वाटेवर झुडपाला बांधलेला. अडकलेलं डुक्कर रात्रभर ओढत राहतं आणि तार मांसात रुतत जाते. त्याच वाटेने बिबट्याही येतो. कोकणात फासकीत अडकून बिबट्या मेल्याची बातमी नवीन नाही. मग वनखात्याची गाडी येते, पंचनामा होतो, फोटो छापून येतो. त्याच तारेत त्याआधी किती डुकरं गेली, ते कोणी विचारत नाही.

गावठी बॉम्बने मरतात. स्फोटक पुडी खाण्याच्या पदार्थात किंवा चरबीत गुंडाळून वाटेवर टाकायची. डुक्कर चावतं आणि त्याचा जबडा उडतो. जबडा उडाला म्हणजे जीव गेला असं नाही. खालचा जबडा लोंबत असलेलं जनावर रानात फिरत राहतं, खाता येत नाही, पिता येत नाही, शेवटी कुठेतरी ओहोळात पडतं. तोच गोळा कधी गावातला कुत्रा उचलतो, कधी चरायला गेलेली गाय.

आणि तारेने मरतात. शेताभोवती उघडी तार, तिला थेट खांबावरची वीज. यात डुकरांबरोबर माणसंही जातात: पहाटे शेतावर निघालेला शेजारी, बरेचदा तार लावणारा स्वतःच.

आपण कायदा असा केला आणि असा राबवला की, डुक्कर मारायचा सगळ्यांत स्वच्छ मार्ग, म्हणजे शिकलेल्या हाताने, उजेडात, जबाबदारी घेऊन झाडलेली एक गोळी, तेवढा अवघड करून ठेवला. बाकीचे सगळे घाणेरडे मार्ग मोकळे. आमच्या सोसायटीत डुकराचं नाव काढलं की ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्यांनी तो तुटलेला जबडा एकदा बघून यावा. "त्यांनाही जगायचा हक्क आहे," असं एक ताई मला लिफ्टमध्ये म्हणाल्या. आहे ना. हातात तांदळाची पाच किलोची पिशवी होती त्यांच्या. तिच्यातल्या दाण्यावर कोणाचा हक्क, एवढंच विचारायचं राहिलं; त्यांचा मजला आला.

आता रायफलवाल्यांकडे वळतो, कारण खरा राग तिकडे आहे.

2025 च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात गावातली मंडळी डुकराच्या शिकारीला गेली. झुडपात हालचाल दिसली, डुक्कर समजून गोळी झाडली, ती आपल्याच माणसाला लागली. माणूस मेला. बाकीच्यांनी पोलिसांकडे जायचं सोडून प्रेत झाडीत लपवलं, आणि ते काही दिवसांनी पोलिसांना सापडलं. ही गावात वाढलेली, रान पायाखालचं असलेली माणसं. तिथे आमचे हे सभासद येणार, खालापूरच्या फूड मॉलवर वडापाव आणि त्यापुढे आणखी काही घेऊन, डोक्याला बॅटरी बांधून, अनोळखी रानात, रात्री. .315 ची गोळी डुकराला लागली नाही तर तिथेच पडत नाही. ती एक किलोमीटरच्या पुढेही माणूस मारू शकते. आमच्याकडे किलोमीटरभरात दोन वाड्या, एक शाळा आणि रात्री ओढ्यावर खेकडे पकडायला बसलेली पोरं असतात. गोळीच्या मागे डोंगराची माती आहे की वाडी, हे ठरवल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही, हा शिकारीचा पहिला धडा. तो शनिवार-रविवारच्या पॅकेजमध्ये येत नाही.

पण समजा, नेम अचूक आहे. तरी त्यांच्या शिकारीचा माझ्या भावाला काडीचा उपयोग नाही. कारण हौशी माणूस काय मारतो? सुळेवाला एकल, म्हणजे कळपाबाहेर एकटा फिरणारा नर. फोटो त्याचाच चांगला येतो. एकलाने माणसाला फाडलं असेल, शेताला फारसं बुडवलेलं नसतं. शेत बुडवतो तो कळप, आणि कळप चालतो माद्यांवर. मादी तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांत विते, चार-सहा पिल्लं सहज टाकते, आणि त्यातली पिलावळ वर्षभरात स्वतः वीण धरायला तयार होते. आमच्या रायगडात वाघ उरला नाही. बिबट्या पिल्लं उचलतो, पण थोराड जनावराच्या वाट्याला सहसा जात नाही. डुकरं कमी करायची तर माद्या आणि पाठी माराव्या लागतात, वर्षामागून वर्ष, हिशेब ठेवून. हे रटाळ काम आहे. त्यात मर्दुमकी नाही, भिंतीवर टांगायला काही मिळत नाही. पिल्लं लुचत असलेल्या डुकरिणीवर गोळी घालून तिच्याबरोबर सेल्फी काढणारा हौशी वीर मला अजून भेटायचा आहे.

हे माझ्या मनचे मांडे नाहीत. अमेरिकेत टेनेसी नावाचं राज्य आहे. तिथे कित्येक दशकं रानडुकरं मोजक्या पाच-सहा काउंट्यांपुरती होती. 1999 मध्ये सरकारने ठरवलं की हौशी शिकाऱ्यांना रान मोकळं करू, कितीही मारा, मर्यादा नाही. पुढच्या बारा वर्षांत डुकरं 95 पैकी जवळपास 80 काउंट्यांत पोचली. कशी? शिकारीची चटक लागलेल्यांनी गाड्यांत घालून नेली आणि आपापल्या गावाशेजारी सोडली, म्हणजे शनिवारी लांब जायला नको. शेवटी 2011 मध्ये तिथल्या सरकारला डुकराची हौशी शिकारच बंद करावी लागली आणि काम जमीनमालक व खात्याच्या माणसांवर सोपवावं लागलं. शिकारीचा धंदा डुकरांवर चालतो. डुकरं संपवणं त्याला परवडत नाही.

आपल्याकडेही जुनाच मासला आहे. मुरुड-रोह्याच्या मधलं फणसाड अभयारण्य हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. जनावरं राखली कशासाठी, तर नवाबाला मारायला मिळावीत म्हणून. आसपासच्या कुणब्याने आपलं भात त्या जनावरांना खाऊ घालायचं आणि वर हाकारा घालायला जायचं. इंग्रज अधिकारी तर डुकरावर गोळी घालणं कमीपणाचं मानत. घोड्यावरून भाल्याने मारायचं, त्याचे चषक ठेवायचे. भावाच्या बांधावर उभं राहून पाहिलं तर नवाब, साहेब आणि आमचे सभासद यांच्यात फरक फक्त वाहनाचा आहे. आणि एक कायद्याचा: 1991 च्या दुरुस्तीनंतर या देशात हौसेची शिकार हा सरळ गुन्हा आहे. पीक वाचवायला दिलेल्या परवानगीआड पाहुणे शिरवणं हाही गुन्हाच. मेलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता असतं. त्याचे वाटे पाडून बर्फात घालून नेरुळला आणणं तर दूरच.

दिल्लीने या विषयात काय केलं तेही आठवा. 2015-16 मध्ये केंद्राने बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर असे प्राणी वर्षभरासाठी उपद्रवी जाहीर केले. लगेच केंद्रातलेच दोन मंत्री एकमेकांवर तुटून पडले. मनेका गांधी म्हणाल्या की पर्यावरण मंत्रालयाला मारण्याची हाव सुटली आहे, आणि उदाहरण दिलं आपल्या चंद्रपूरचं, जिथे 53 रानडुकरं मारली होती. प्रकाश जावडेकर म्हणाले, राज्यं मागतात, कायद्याप्रमाणे आम्ही देतो. दोघांचं भांडण चार दिवस गाजलं. त्यातल्या एकालाही 53 डुकरं मेल्यावर चंद्रपुरात पिकाचं काय झालं, हे विचारावंसं वाटलं नाही. माधव गाडगीळांसारखा माणूस वारंवार सांगत राहिला की, स्वीडन-नॉर्वेसारखे देश शिस्तीत शिकार करतात आणि त्यांचं रानही टिकतं, आपणच शेतकऱ्याला गुन्हेगार करून ठेवलंय. त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. पण पश्चिम घाटासाठी सगळ्यांशी भांडलेला माणूस डुकराच्या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो, तेव्हा निदान ऐकून घ्यावं. पुण्याच्या गोखले संस्थेच्या अभ्यासात वन्यप्राण्यांमुळे राज्यातल्या शेतीचं नुकसान वर्षाला 10 हजार ते 40 हजार कोटींच्या घरात धरलंय. अंदाज एवढा ढगळ आहे याचाच अर्थ आजवर कोणी नीट मोजलेलं नाही. भरपाई मिळते म्हणतात. आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातली तीन वसई-विरारला, एक मस्कतला. बारा गुंठ्यांच्या नुकसानीसाठी अकरा संमतिपत्रं गोळा करीपर्यंत पुढची लावणी येते. सौर कुंपणाचंही तेच. चार ठिकाणी विखुरलेल्या तुकड्यांना कुंपण घालायचं तर भातापेक्षा तार महाग.

आणि ही डुकरं येतात कुठून? सगळ्यांना वाटतं जंगलातून. आमच्या गावात ती येतात प्लॉटांतून. गेल्या पंधरा-वीस वर्षांत माणगाव, तळा, पाली, रोहा या पट्ट्यातली शेतं वाशी, खारघर, पनवेलच्या माणसांनी घेतली. कोणी फार्महाऊससाठी, कोणी विमानतळ होणार म्हणून, कोणी मुलीच्या लग्नाला विकू म्हणून. दोन वर्षं फाटकाला रंग दिला, आंब्याची कलमं लावली, फोटो टाकले. मग पेट्रोल परवडेना, मुलांना कंटाळा आला. जिथे भात होतं तिथे आज पुरुषभर उंच रानमोडी, करवंदीची जाळी आणि वेली. दिवसभर डुक्कर त्यात लोळतं, रात्री शेजारच्या पिकल्या वाफ्यात उतरतं. भाऊ डुकरांमागे त्या कुंपणापर्यंत जातो, तिथे पाटी असते: 'खाजगी मालमत्ता, आत येऊ नये.' डुकराला वाचता येत नाही, भावाला येतं. माझ्या भावाच्या बांधाला लागून असलेल्या अशा दोन एकरांचे मालक कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. होय, तेच. आधी डुकरांना राहायला जागा द्यायची आणि मग रायफल घेऊन गावावर उपकार करायला यायचं!

योगायोग बघा, राज्याचे वनमंत्री गणेश नाईक ऐरोलीचे, म्हणजे आमच्याच नवी मुंबईचे. बोरशेती ज्या पालघर जिल्ह्यात आहे त्याचे पालकमंत्रीही तेच. बिबट्या गावात येऊ नये म्हणून जंगलात शेळ्या सोडायची कल्पना त्यांनी मांडली होती. शेळ्या राहू द्या, साहेब. डुकरांसाठी याहून साधं काम आहे. केरळने 2022 मध्ये पंचायतीच्या प्रमुखांना डुक्कर मारण्याचा हुकूम द्यायचे अधिकार दिले आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्या केल्या. तिथेही सगळं सुरळीत नाही, पण हुकूम काढणाऱ्याच्या हाताशी गोळी झाडणारा माणूस तरी आहे. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात वनखात्याने चार-पाच नेमबाज नेमावेत. स्थानिक असावेत, आदिवासी वाडीतली पोरं रान कोणाहीपेक्षा जास्त ओळखतात. त्यांना शिकवा, सरकारी रायफल द्या, रोजंदारी द्या, विमा काढा, आणि माद्या किती पडल्या याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा. पीकसंरक्षणाच्या बंदुका सप्टेंबर ते नोव्हेंबर जमा करून घेऊ नका, निवडणूक असो वा नसो. बॉम्ब टाकणाऱ्याला आणि फासकी लावणाऱ्याला मात्र सोडू नका. तेव्हा शेतकरीही तुमच्या बाजूने साक्ष देईल, कारण त्याच्याकडे दुसरा मार्ग असेल. आणि या सगळ्यात हौशी माणसाला जागा ठेवू नका, तो कितीही देणगी देवो.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांची एकर-दोन एकरांची गुंतवणूक रायगडात रान माजवत पडली आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे: पाऊस ओसरला की गणपती ते दसरा या काळात प्लॉट साफ करून घ्या. नाहीतर शेजारच्या शेतकऱ्याला कसायला द्या, कराराची भीती वाटत असेल तर वर्षाच्या बोलीवर द्या. मजूर गावात मिळतात, दिवसाचे पैसे रोख द्यावे लागतात. रायफल घरीच ठेवा.